वाऱ्याचा अंमल

आगबोटीच्या उतारूला वारा ही फार तर टोपी सांभाळण्यापुरती बाब असते. शिडाच्या गलबतावर पाऊल ठेवताच मात्र तोच वारा सर्व कारभाराचा मुखत्यार होऊन बसतो, आणि हा मुखत्यार असा की त्याच्या बदलीचा हुकूम आगाऊ कोणाच्याही हाती पडत नाही. जुना अंमल संपला हे ध्यानात येते तेव्हा नवा सुरू झालेला असतो, आणि दोहोंच्या मधल्या अराजकाच्या घटकेत डोलकाठी शाबूत ठेवणे हेच काय ते खलाशाचे कसब. मुंबई बंदरातील जकातीच्या दप्तरात माझी हयात गेली. कच्छच्या कोटिया, अरबांच्या बगला आणि रत्नागिरीकडचे मचवे यांचे कागद तपासताना 'वाऱ्याअभावी विलंब' हा शेरा मी इतक्या वेळा रुजू करून घेतला होता की त्या शेऱ्यामागे समुद्रावर नेमके काय घडत असते ते एकदा डोळ्यांनी पाहावे, ही इच्छा पेन्शनीच्या दिवसांत हट्टाचे रूप धारण करून बसली. मोंबाशाला माझा भाचा रेल्वेत हिशेबनीस होता, त्यामुळे परवान्याची अडचण नव्हती. घरच्या मंडळींनी आगबोटीचा पर्याय दोनचारदा सुचवून पाहिला आणि अखेर लोणच्याची बरणी बांधून देऊन आपली संमती जाहीर केली.

कोटिया मांडवीची होती. दोन डोलकाठ्या, पैकी मोठी किंचित पुढे झुकलेली आणि धाकटी पिछाडीला. नाळेच्या, म्हणजे पुढच्या टोकाच्या, माथ्यावर कोरलेला पोपट. तेल पिऊन काळवंडलेले सागवानी अंग. आणि इंजिनाचा मागमूसही नाही. नाखुदा, म्हणजे गलबताचा कप्तान, पन्नाशी उलटलेला, मितभाषी कच्छी गृहस्थ होता. सूर्य आणि तारे पाहून गलबताचे ठिकाण काढणारा मालम त्याच्याहून तरुण आणि पुष्कळच हिशेबी. खलाशांत बहुतेक कच्छी, पण एक जयगडचा म्हातारा खारवी होता. त्याने पहिल्याच संध्याकाळी 'भाऊसाहेब' म्हणून माझा ताबा घेतला, मी त्याला आबा म्हणू लागलो, आणि पुढे जे काही मला समजले त्यातले निम्मे त्याच्या तोंडून समजले. निघायला मात्र उशीर झाला होता. ईशान्येचे वारे नोव्हेंबरात सुरू होतात, पौषमाघात ते पक्के बसलेले असतात, आणि शहाणे गलबत त्याच सुमारास आफ्रिकेकडे तोंड करी. आमचे कापडाचे गठ्ठे वेळेवर आले नाहीत आणि फेब्रुवारीचा मध्य उलटल्यावर आम्ही मुंबईचे बंदर सोडले. नाखुद्याने या विलंबाबद्दल एक अक्षरही काढले नाही. पण सुटण्याच्या आदल्या दिवशी त्याने तिन्ही शिडे बाहेर काढवून त्यांची शिवण न् शिवण स्वतः बोटांनी चाचपून पाहिली, यावरून त्याच्या मनात काय चालले असावे याचा तर्क करता आला.

मंगळुरापर्यंतचा प्रवास किनाऱ्याकिनाऱ्याने, आणि या पट्ट्यात वाऱ्याचा फेरबदल इतका नियमित की त्यावर घड्याळ लावावे. रात्री जमीन समुद्रापेक्षा लवकर निवते, तिच्यावरची जड झालेली हवा समुद्राकडे वाहू लागते, आणि मध्यरात्रीनंतर कधीतरी मतलई सुटते. गवताचा, शेणाचा, धुराचा वास घेऊन येणारा हा पूर्वेचा वारा पहाटेपर्यंत गलबताला हळुवार ढकलीत राहतो. सूर्य वर आला की मतलई मरते, तास दोन तास समुद्र तेलकट होऊन पडतो, आणि मग तापलेल्या जमिनीच्या ओढीने वायव्येचा खारा वारा येतो. दुपारी तो असा काही जोर धरतो की विजयदुर्गापासून देवगडापर्यंतचे अंतर जेवणानंतरच्या वामकुक्षीत कापले जावे. दक्षिणेला जाणाऱ्या गलबताला एक वारा डाव्या अंगाने आणि दुसरा उजव्या अंगाने मिळतो. वाचणाऱ्याला हा तपशील क्षुल्लक वाटेल; पण शीड नेहमी वाऱ्याच्या उलट अंगाला धरावे लागते, आणि म्हणून आमच्या खलाशांना दररोज दोन वेळा ते अजस्र शीड एका बाजूचे दुसऱ्या बाजूला न्यावे लागे. हे शीड फिरवणे म्हणजे काय प्रकार असतो, ते मी जरा विस्ताराने सांगतो, कारण त्याच्यावाचून पुढचे सगळे अर्थहीन आहे.

कोटियाचे शीड त्रिकोणी. ते ज्या लांबलचक तिरप्या दांड्याला बांधतात त्याला परबाण म्हणतात, आणि तो दांडा एकसंध लाकडाचा नसून दोनतीन वासे एकमेकांना जखडून केलेला, जवळजवळ गलबताच्या लांबीइतका असतो. त्याचे जाड टोक खाली, नाळेपाशी बांधलेले. निमुळते टोक पिछाडीच्या वर आभाळात गेलेले. आणि शिडाच्या मागच्या खालच्या कोपऱ्याला बांधलेला जाड दोर, ज्याला दामण म्हणतात, तो पिछाडीला ओढून धरलेला. युरोपीय पद्धतीच्या छोट्या शिडाच्या होड्या वाऱ्याच्या तोंडातून नाळ फिरवून बाजू बदलतात. त्यांचे शीड डोलकाठीच्या मागेच असल्यामुळे ते आपोआप दुसरीकडे जाते. कोटियाला ते साधत नाही. परबाण डोलकाठीच्या पुढून आडवे जाते. वारा समोरून आला की सगळे कापड आणि लाकूड डोलकाठीवर दाबले जाते, आणि मग ते धड वर राहत नाही की खाली येत नाही. म्हणून कोटिया उलट्या बाजूने फिरते. नाखुद्याचा इशारा झाला की सुकाणू वळते, गलबत वाऱ्याकडे पाठ करते. दामण सैल सोडतात आणि सगळे शीड नाळेच्या पुढे, गच्चीवर वाळत घातलेल्या लुगड्यासारखे, फडफडत उडू लागते. मग दहाबारा माणसे परबाणाचे जाड टोक ओढीत डोलकाठीच्या बुंध्यापर्यंत आणतात, त्यामुळे ते तिरपे लाकूड हळूहळू उभे होत डोलकाठीला समांतर येते. तसेच उभे धरून ते पुढून पलीकडच्या बाजूला नेतात, दामण बरोबर घेऊन एकदोघे नाळेला वळसा घालतात, जाड टोक पुन्हा पुढे सरकते, दामण पिछाडीला ओढली जाते, आणि गलबत नव्या बाजूला कलून चालू लागते.

हे चालू असता आणखी एक काम करावे लागते आणि तेच सर्वांत नाजूक. डोलकाठीला आधार देणारे जाड ताण फक्त वाऱ्याकडच्या अंगाला बांधलेले असतात, कारण दुसऱ्या अंगाला ते ठेवले तर शीड त्यांना घासून फाटेल. बाजू बदलली की ताणही बदलले पाहिजेत. म्हणजे फिरण्याच्या मधल्या काही क्षणांत ती डोलकाठी जवळजवळ निराधार उभी असते, आणि नेमक्या त्या क्षणी वाऱ्याने आपला विचार बदलला तर काय होईल हे मी आबांना विचारले. त्यांनी डोलकाठीकडे, मग माझ्याकडे पाहिले. "मग काय, भाऊसाहेब," ते म्हणाले, "दर्यात लाकूडफाटा लय होतो."

रोजच्या ठरावीक फेरबदलात ही सगळी उठाठेव गाणी म्हणत, एकमेकांची थट्टा करीत पार पडे. पण तिच्यावरून एक गोष्ट माझ्या कारकुनी नजरेला स्पष्ट दिसू लागली: या गलबतावर नाखुद्याच्या प्रत्येक मताची किंमत वीसपंचवीस माणसांच्या घामात मोजली जात होती. आमच्या खात्यात साहेबाने सकाळी एक तजवीज केली आणि दुपारी ती फिरवली तर फार तर एक कागद फाटत असे. इथे तसे नव्हते. त्यातून कोटियाच्या शिडाला दुमडून लहान करण्याची सोय जवळजवळ नसतेच. जोराच्या वाऱ्याला लहान शीड हवे असेल तर सबंध परबाण खाली घ्यायचे, त्यावरचे मोठे शीड सोडायचे, मधले किंवा लहान शीड बांधायचे, आणि ते अवजड प्रकरण पुन्हा डोलकाठीवर चढवायचे. वारा वाढल्यावर हे करू म्हणणे व्यर्थ, कारण वारा वाढल्यावर ते करता येत नाही. म्हणजे जे करायचे ते वाऱ्याने काही करण्याच्या आधी, आणि ज्याच्यावर निर्णय घ्यायचा तो पुरावा मात्र नंतर हाती येणार. न्यायाच्या दृष्टीने हा मामला फारच गैरसोयीचा.

या शिडाच्या गुणदोषांची जाण युरोपच्या दर्यावर्द्यांनाही होती. 1492 साली कोलंबस अटलांटिक ओलांडायला निघाला तेव्हा त्याच्या तीन गलबतांपैकी नीन्या या गलबताला अशीच त्रिकोणी शिडे होती. कॅनरी बेटांत थांबून त्याने ती उतरवली आणि चौकोनी शिडे चढवली, कारण पुढचा सबंध प्रवास पाठीमागून येणाऱ्या वाऱ्याचा होता आणि त्या कामाला चौकोनी शीड सोईचे. त्रिकोणी शीड आडव्या वाऱ्यावर धारदार चालते. पाठीमागचा वारा त्याला मानवत नाही, तो किंचित इकडचा तिकडे झाला की ते बावचळते. आमच्या कच्छी नाखुद्यांना हे ठाऊक नव्हते असे नाही. पण त्यांना वर्षातून एकदा एका वाऱ्याने जायचे आणि दुसऱ्या वाऱ्याने परतायचे असे, आणि मधल्या काळात किनाऱ्याकिनाऱ्याने सतराशे बंदरे करायची असत. त्या सर्व कामाला मिळून जे शीड बरे, ते त्यांनी ठेवले होते. मला तरी हा हिशेब चोख वाटला.

मंगळुराला कौले भरली. 1865 साली बासेल मिशनच्या पाद्र्यांनी तिथे कौलांचा कारखाना काढल्यापासून मंगळुरी कौले हिंदी महासागराच्या दोन्ही काठांवर पोचली आहेत, आणि झांजिबार-मोंबाशाकडच्या कितीतरी घरांची छपरे आपल्या कोकणी घरांसारखीच लाल दिसतात ती त्यामुळे. जड माल तळाशी गेल्यामुळे गलबत खाली बसले आणि डोलणे मंदावले. तिथून मोंबासा सरळ रेषेत सुमारे 2300 सागरी मैल. लक्षद्वीपची बहुतेक बेटे इतकी सखल आहेत की रात्री लाटेचा आवाज ऐकू येईपर्यंत त्यांचा पत्ता लागू नये. म्हणून नाखुद्याने आधी दक्षिणेला उतरून, त्या बेटांना उजवीकडे लांब ठेवून, नऊ अंशांवरच्या मोकळ्या पट्ट्यातून पश्चिमेला वळण्याचे ठरवले. एका रात्री डाव्या अंगाला क्षितिजाच्या खालून वर येणारा आणि मावळणारा एक फिकट उजेड दिसला. तो मिनिकॉयच्या दीपगृहाचा, 1885 पासून तिथे उभे असलेल्या. त्यानंतर हिंदुस्थानची कोणतीही खूण उरली नाही.

पुढचे दिवस लिहिण्यासारखे नाहीत, आणि खलाशांच्या दृष्टीने ते सर्वांत चांगले. ईशान्येचा वारा उजव्या खांद्यामागून येत होता, मोठे शीड डाव्या अंगाला भरून उभे होते, आणि दामणीला कोणी हात लावीत नव्हते. माणसे दोर वळीत, फाटके शिवीत, मासे वाळवीत. मालम दुपारी सूर्याची उंची घेई आणि एका जुनाट नकाशावर शिसपेन्सिलीने टिंब देई. ती टिंबे सारख्या अंतरावर पडू लागली तेव्हा त्याच्या चेहऱ्यावर जे समाधान दिसे ते मी फक्त ताळेबंद जमलेल्या खजिनदाराच्या चेहऱ्यावर पाहिले आहे.

ती टिंबे जवळ येऊ लागली ती विषुववृत्ताच्या अलीकडे. याचे कारण शाळेच्या भूगोलात मिळते, पण तिथे ते कोरडे वाटते. उत्तरेचा आणि दक्षिणेचा असे दोन्ही गोलार्धांचे वारे जिथे एकमेकांना भेटतात तिथे हवा आडवी न वाहता वर चढते; त्या पट्ट्यात वारा पडतो, ढग उभे राहतात, वावझडी सुटतात. हा पट्टा सूर्याच्या मागोमाग सरकतो. पौषमाघात तो विषुववृत्ताच्या बराच दक्षिणेला असतो, म्हणून त्या वेळी निघालेल्या गलबताला ईशान्येचा वारा थेट झांजिबारपर्यंत पोचवतो. मार्चमध्ये तो उत्तरेला येऊ लागतो आणि उशिरा निघालेल्यांना वाटेत गाठतो. एडमंड हॅली या इंग्रज ज्योतिर्विदाने 1686 साली व्यापारी आणि मोसमी वाऱ्यांचा नकाशा प्रसिद्ध केला, त्यात महासागरांवरच्या वाऱ्यांच्या दिशा रेघांनी दाखवल्या होत्या. नकाशावर त्या रेघा जिथे संपतात तिथे आम्ही आता उभे होतो.

उभे होतो हेही खरे नव्हे. वारा नसला तरी दूरवरच्या कुठल्या तरी वादळाची उरलेली लाट चालूच असते, आणि वाऱ्याचा आधार सुटलेले गलबत तिच्यावर बेताल लोळते. शीड एकदा डोलकाठीवर धाडकन आदळते, एकदा उलट्या बाजूला हिसका देते, परबाण करकरते, कप्प्या आपटतात. मला वाटले होते की शिडाला धोका वादळात. आबांच्या म्हणण्याप्रमाणे बिनवाऱ्याच्या एका दिवसात शीड जितके झिजते तितके चांगल्या वाऱ्याच्या पंधरवड्यात झिजत नाही. नाखुद्याने परबाण खाली घेतले. डोलकाठी उघडी पडली, आणि चोहोकडच्या त्या काचेसारख्या पाण्यात कौलांनी भरलेले आमचे गलबत कोणत्याही दिशेला न जाता पडून राहिले. पाण्याच्या पिंपाला कुलूप लागले. मोजून पाणी मिळू लागले.

या अवस्थेत अंजदीवची आठवण होणे अपरिहार्य होते. कारवारजवळचे ते बेट आम्ही किनाऱ्याने येताना पाहिले होते. वास्को द गामा 24 एप्रिल 1498 रोजी मालिंदीहून निघाला तो 20 मे रोजी कालिकतपाशी पोचला, कारण त्याच्याबरोबर या समुद्राचा जाणकार वाटाड्या होता आणि ऋतू नैर्ऋत्येच्या वाऱ्याचा होता. परतताना मात्र त्याने 5 ऑक्टोबरला अंजदीव सोडले. नैर्ऋत्येचे वारे संपलेले, ईशान्येचे अजून बसायचे. म्हणजे दोन अंमलांच्या मधल्या काळात तो समुद्रात शिरला. जाताना जे अंतर महिन्याच्या आत तोडले, तेच ओलांडायला आता जवळजवळ तीन महिने लागले. स्कर्व्हीने सुमारे तीस माणसे दगावली, आणि पुढे आफ्रिकेच्या किनाऱ्याला लागल्यावर गलबते चालवण्याइतके हात उरले नाहीत म्हणून तीनपैकी एक गलबत त्यांनी स्वतःच जाळून टाकले. त्याच्या पराक्रमाची वर्णने आपण पुष्कळ वाचतो. पण ज्या गोष्टीसाठी मांडवीचा कोणताही नाखुदा त्याला वेड्यात काढील ती ही तारीख.

मग ढग येऊ लागले. दुपारनंतर क्षितिजावर काळ्या भिंती उभ्या राहत, त्यांतल्या काही दूरून निघून जात, काही आमच्या रोखाने येत. अशा मेघातून पाऊस कोसळू लागला की त्याने गार झालेली जड हवा खाली येते आणि पाण्यावर चोहोकडे पसरते. म्हणून झोत आधी येतो, पाऊस मागून, आणि झोताची दिशा मूळच्या वाऱ्याशी नाते सांगत नाही, ती ढग कुठे उभा आहे यावर अवलंबून असते. आबा हाताने डोळ्यांवर सावली धरून ढगाच्या तळाकडे पाहत. "ढगाखालून पलीकडचा दर्या दिसतोय ना भाऊसाहेब, तोवर नुसता ओरडणारा समजा. दिसेनासा झाला की मग खाली बसायचं, नि दोरापासून लांब."

पहिला ढग आला तेव्हा त्याच्याखालून पलीकडचा दर्या अंधुक का होईना दिसत होता. आमच्यापाशी पंधरवड्यातली पहिली बरी झुळूक होती, शीड नुकतेच चढवले होते, आणि गलबताने वेग धरला होता. नाखुद्याने शीड उतरवण्याचा हुकूम दिला. माणसांनी तो मानला, पण त्यांच्या हालचालीत नाराजी लपत नव्हती. ढग आला, चार टपोरे थेंब सांडून निघून गेला. आणि वाऱ्याची ती बरी झुळूकही त्याच्याबरोबर गेली. मालमाने नकाशाची गुंडाळी करता करता पाण्याचा हिशेब पुटपुटला, जेणेकरून नाखुद्याला ऐकू जावे. दुसऱ्या दिवशी पुन्हा तसाच ढग, पुन्हा तसाच हुकूम, आणि पुन्हा काही नाही. आता कुरकुर उघड झाली. तिसऱ्यांदा शीड उतरले तेव्हा मी त्या माणसाच्या चेहऱ्याकडे निरखून पाहत होतो. दोनदा खोटा ठरलेला मनुष्य तिसऱ्या वेळी स्वतःवर शंका घेतो, किंवा आपण डरपोक नाही हे सिद्ध करण्याच्या भरीस पडतो. पुष्कळ अधिकाऱ्यांचे मी असे होताना पाहिले आहे, आणि त्यात काही भले लोकही होते. या गृहस्थाच्या चेहऱ्यावर दोहोंपैकी काहीच नव्हते. आदल्या ढगांचा या ढगाशी काही संबंध आहे असे त्याला मुळी वाटतच नसावे.

त्या तिसऱ्या ढगाचेही पाणी झाले नाही. खरा आला तो रात्री, आणि इशारा असा काहीच नव्हता. फक्त तारे एका बाजूने कमी होत गेले. ईशान्येची मंद झुळूक चालू होती, मधले शीड वर होते. एकाएकी ती झुळूक थांबली, आणि गालावर गार हवेचा एक पातळ पदर लागला, तोही पश्चिमेकडून. नाखुदा ओरडला. परबाण खाली घेण्याचा दोर आधीच मोकळा करून दोन माणसे त्याच्यापाशी बसवलेली होती, हे मला त्या क्षणी कळले. संध्याकाळपासून ती तिथेच होती. लाकूड धडधडत खाली आले, अर्ध्या वाटेवर अडकले, आणि तेवढ्यात पश्चिमेचा झोत समोरून आदळला. शीड डोलकाठीवर चिकटले. गलबत मागे सरकल्यासारखे झाले, मग उजवीकडे झुकले, आणि पाणी आडवे आत आले. तीनचार खलाशी परबाणावर अक्षरशः लोंबकळले. आणखी कोणी सुकाणूला मदत करून नाळ वळवली. वारा जरा अंगावरून आला तसे कापड सुटले आणि उरलेले लाकूड माणसांसकट खाली आले. नंतर पाऊस. तो इतका दाट की ओरडलेले शब्द तोंडापुढेच विरघळत. मी पिछाडीच्या छताखाली एका खांबाला कवटाळून बसलो होतो, आणि माझ्याकडे कोणाचे लक्ष नव्हते, हे योग्यच होते.

अर्ध्या घटकेत सारे संपले. पावसाचे पाणी माणसांनी ताडपत्रीत, भांड्यांत, टोपलीवर घातलेल्या रबरी कापडात धरले, पिंपे भरली, मालमाच्या हिशेबातली एक काळजी त्या वावझडीने परस्पर मिटवली. मधल्या शिडाची एक शिवण वीतभर उसवली होती. डोलकाठीला काही झाले नव्हते. आणि कोणीही, माझ्या कानांवर येईल असे तरी, नाखुद्याची स्तुती केली नाही. दुसऱ्या दिवशी ढग दिसला तेव्हा शीड उतरवताना कुरकुर मात्र झाली नाही, इतकाच फरक.

त्यानंतरचा वाद कोणते शीड चढवायचे याचा होता. मालमाचे म्हणणे, मोठे चढवावे. झोतांच्या मधल्या वेळात जितके अंतर तोडता येईल तितके तोडावे, म्हणजे हा पट्टा लवकर मागे पडेल. नाखुद्याचे म्हणणे, मोठे शीड उतरवायला जितका वेळ लागतो तितका वेळ ढग देत नाहीत. लहान शिडाने हळू गेले तरी चालेल. दोघांचेही मुद्दे मला पटत होते, आणि मला कोणी विचारले नाही. अखेर दिवसा मधले आणि रात्री लहान असा तह झाला. माणसांना त्यामुळे रोज दोन वेळा परबाणावरचे कापड बदलावे लागे, पण वाऱ्याच्या रोजच्या दोन फेऱ्यांची त्यांना कोकणच्या किनाऱ्यापासून सवय होतीच.

हळूहळू दक्षिणेचा वारा जाणवू लागला. आधी पहाटेचा, मग सकाळभर. स्वाहिली लोक ज्याला कुसी म्हणतात त्याचा हा पहिला पायरव, आणि आम्हाला तो अर्थातच उलटा. पाण्याचाही भरवसा राहिला नव्हता: हिवाळ्यात सोमाली किनाऱ्याने दक्षिणेला वाहणारा प्रवाह आणि झांजिबारकडून उत्तरेला येणारा प्रवाह या भागात एकमेकांना भिडतात, आणि मालमाने चालीवरून अंदाजलेले ठिकाण व दुपारच्या सूर्याने दाखवलेले ठिकाण यांत तफावत पडू लागली. किनारा दिसला तो मोंबाशाच्या बराच उत्तरेला, मालिंदीच्या आसपास. तिथून खाली उतरताना रात्री जमिनीकडून येणारी झुळूक धरायची आणि दिवसा समुद्रावरचा आग्नेयेचा वारा अंगावर घेत लांब बाहेर जाऊन परत यायचे, अशा नागमोडी चालीने आम्ही पुढे सरकलो. आणि कोकणातल्या मतलईखाऱ्याचीच ती बहीण असल्याचे पाहून आबा इतके खूश झाले की त्यांनी तिला थेट आपल्या बोलीत शिव्या घालायला सुरुवात केली.

मोंबाशाच्या जुन्या बंदराच्या तोंडाशी पोर्तुगिजांनी सोळाव्या शतकाच्या अखेरीस बांधलेला फोर्ट जीझस उभा आहे. दुपारची वेळ, वारा थेट पाठीशी, भरती चढती. कोणत्याही उतारूला वाटावे की आता शीड भरून दिमाखात आत शिरावे. नाखुद्याने मोठे शीड बाहेरच उतरवले, लहानावर आत आला, आणि किल्ल्याच्या सावलीत वारा घोटाळू लागताच तेही उतरवून होडी पुढे घातली. वल्हवणाऱ्यांनी आम्हाला ओढीत नांगराच्या जागेपर्यंत नेले. शेजारी लामूकडची दोन जहाझी आणि एक अरबी बूम उभी होती. माझा भाचा धक्क्यावर कधीचा येऊन बसला होता.

चार दिवसांनी निरोप घ्यायला गेलो तेव्हा मधले शीड वाळूवर पसरलेले होते आणि चारपाच जण गुडघे टेकून त्याची उसवलेली शिवण घालीत होते. कौले उतरली होती. झांजिबारला जाऊन लवंगा भरायच्या आणि कुसी पक्का बसताच, पण नैर्ऋत्येचा खरा कहर सुरू होण्याच्या आत, मेअखेरीला मांडवी गाठायची, असा बेत होता. नाखुदा शिडाच्या मागच्या काठावरून पावलांनी माप घेत होता. परतीला वारा चढता असणार म्हणून या शिडाचा एक पट्टा काढून ते आणखी लहान करावे असे त्याच्या मनात होते. मालम शेजारी उभा राहून सांगत होता की एप्रिलात वारा कमजोरच असतो, पट्टा काढला तर आठ दिवस वाया जातील आणि ऐन पावसात किनाऱ्याला लागावे लागेल. आबांनी मला पाहून सुई ठेवली, हात पुसले, आणि दोघांकडे न बघता हळूच सांगितले की पट्टा निघणार. मी निघालो तेव्हा कात्री अजून कोणी हातात घेतली नव्हती.